बोटीचा पत्ता आणि गिरणीचं घर: सांगलीतलं एक टॅरो-वाचन

पार्श्वभूमी

सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला, कृष्णा वाढली की पहिलं पाणी ज्या गल्ल्यांत शिरतं, तिथलं हे घर. दुमजली आहे. खाली पिठाची गिरणी, वर राहणं. गिरणी चालवणाऱ्या काकू पन्नाशीच्या पुढच्या. घरात त्यांचे मिस्टर आणि ऐंशीला टेकलेल्या सासूबाई. मुलगा, सून आणि नातू विश्रामबागेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये. धाकटा दीर पुण्यात, नणंद तासगावकडे दिलेली. टॅरोचे पत्ते मांडून त्यांचं वाचन करणारी, म्हणजे त्यांतून अर्थ सांगणारी ताई माझ्याकडे शिकलेली. त्या दिवशी काकूंना विचारूनच मी बाजूला बसले होते. दोघींच्याही परवानगीने हे लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे.

सांगलीबाहेरच्यांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. इथे पावसाळ्यात माणसं एकमेकांना ‘जेवलात का’ विचारायच्या आधी ‘आयर्विनला किती फूट?’ विचारतात. १९२९ सालच्या त्या पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजली जाते. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. २००५ च्या महापुराला पाणी ५३ च्या वर गेलं, तेव्हा ‘याच्यावर आता काही नाही’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ऑगस्ट २०१९ ला ते ५७ च्याही वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडली.

काकूंच्या गिरणीची मोटर २०१९ ला पाण्याखालीच राहिली, ती रिवाइंड करून आणली. २०२१ ला शहाणपण करून आधीच मोटर वर चढवली, पण लोकांचे दळणाचे डबे राहिले. कुणाचा जोंधळा, कुणाची डाळ, सगळं आंबून गेलं. कोणी भरून मागितलं नाही, आणि नेमकं तेच काकूंच्या मनाला लागून राहिलं.

अडचण

मुलाचं म्हणणं, घर विकू आणि विश्रामबागेत स्वतःचा फ्लॅट घेऊ. गोडाऊनसाठी जागा शोधणारा एक जण येऊन बघूनही गेला होता. सासूबाईंचं उत्तर एकच: “मी हितनंच जाणार.” मिस्टर काहीच बोलत नव्हते. काकू आल्या मे महिन्यात, पाऊस तोंडावर असताना. त्यांचा प्रश्न सरळ होता. “घर विकायचं का नाही, पत्त्यात काय निघतंय बघा.”

वाचिकेने तीन पत्ते पालथे मांडले. पहिला उलटला, फोर ऑफ पेंटॅकल्स. गावाकडे पाठ करून बसलेला माणूस, एक नाणं डोक्यावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायांखाली. काकूंनी एक नजर टाकली, हसल्या. “हे आमचं पोरगं. पैशाशिवाय बोलतच नाही.” इथवर सगळं नेहमीसारखं.

दुसरा पत्ता सिक्स ऑफ सोर्ड्स, म्हणजे तलवारींची छक्की, निघाला. काकूंनी खुर्ची मागे सरकवली. “ही बोट नको,” म्हणाल्या.

पत्त्यात नेमकं काय आहे

इथे थोडं थांबते, कारण सगळं प्रकरण या चित्रावरच फिरलं.

आज बहुतेकांच्या हातात असतो तो संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आणि मार्गदर्शन आर्थर एडवर्ड वेट यांचं, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. ७८ पत्ते, त्यांतले २२ मोठे आणि ५६ छोटे. टॅरो मुळात पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ, भविष्याशी त्याची गाठ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये घातली गेली. मार्सेच्या जुन्या धाटणीच्या संचात तलवारींच्या छक्कीवर फक्त वाकड्या तलवारी आणि फुलं असतात. बोट नाही, बाई नाही, पाणी नाही. पुढच्या काळातल्या थॉथ संचातही या पत्त्यावर तलवारींची भौमितिक रचनाच आहे. म्हणजे ही बोट तलवारींच्या छक्कीबरोबर जन्माला आलेली नाही. ती पामेलाबाईंनी आणली. बाईंचं बालपण काही काळ जमैकात गेलेलं, पुढे त्यांनी नाटक कंपनीच्या लोकांबरोबर काम केलेलं. त्यांची पात्रं रंगमंचावर उभी असल्यासारखी दिसतात ती त्यामुळेच, असं माझं मत.

चित्रात एक उथळ, चपटी बोट. मागे उभा नावाडी, हातात लांब बांबू. पुढे शाल डोक्यावरून घेऊन वाकून बसलेली बाई, तिला खेटून एक मूल. बोटीच्या पुढच्या भागात सहा तलवारी, टोकं खाली करून उभ्या रोवलेल्या. पलीकडे झाडी दिसणारा काठ. तिघेही पाठमोरे, एकाचाही चेहरा दिसत नाही. पाणी एका बाजूला लाटांचं, दुसऱ्या बाजूला संथ.

पुस्तकी अर्थ सगळ्यांना पाठ असतो: संकटातून बाहेर पडणं, स्थलांतर, बरे दिवस येणं. वेट यांनी स्वतः १९१० मध्ये लिहिलं ते याहून साधं आहे. नावाडी माणसांना पलीकडे नेतो आहे, वाट संथ आहे, आणि ओझं हलकं असल्यामुळे काम त्याच्या ताकदीबाहेरचं नाही.

ओझं हलकं! सांगलीच्या बाईसमोर हे वाक्य उच्चारायची माझी तरी छाती नाही.

चित्र नीट बघितलं तर पुस्तकी अर्थाला आणखी दोन ठिकाणी तडे जातात. लाटा बोटीच्या मागे नाहीत, बाजूला आहेत. ‘त्रास मागे पडला’ असं चित्र कुठेच म्हणत नाही, तो शेजारूनच चालला आहे. आणि तलवारी काठावर ठेवलेल्या नाहीत, त्या बोटीतूनच निघाल्या आहेत. ‘तलवारी उपसल्या तर बोटीला भोकं पडून ती बुडेल’ हा अर्थ नंतरच्या वाचकांत रूढ झाला. वेट यांच्या मजकुरात तो नाही, पण चित्रात त्याला जागा आहे. अर्थाच्या यादीत हे काही मिळत नाही. पत्त्यावर बोट ठेवून बघितलं तरच दिसतं.

समोर असलेले पर्याय

खुर्ची सरकवल्यापासून वाचिकेने तोंड उघडेपर्यंत फार तर अर्धा मिनिट गेला असेल. नंतर आम्ही बसून त्या अर्ध्या मिनिटाचीच चिरफाड केली.

सर्वांत सोपं होतं ते पुस्तकी अर्थ सांगून टाकणं. प्रश्न ‘घर सोडायचं का’, पत्ता घर सोडून चाललेल्यांचा. इतकं चपखल जुळलं की वाचणाऱ्याची जीभ आपोआप सुटते. पण त्याचा परिणाम काय झाला असता, हे आपल्याकडच्या घरांची जाण असलेल्या कुणालाही कळेल. काकू घरी गेल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, “पत्त्यात निघालं.” मुलाला आयतं हत्यार मिळालं असतं, म्हातारीला आयता शत्रू. लाखांच्या व्यवहारावर एका छापील चित्राचा शिक्का बसला असता. मी साताऱ्यात राहते, दाभोलकरांच्या गावात. १९८९ मध्ये त्यांनी ज्या गोष्टींविरुद्ध समिती उभी केली, त्यात हे बसतं. टॅरोवाल्यांनी अंनिसचं नाव काढलं की नाक मुरडायची पद्धत आहे. मला उलट वाटतं. तो प्रश्न आपण स्वतःलाच दर वाचनाला विचारावा: मी चित्र वाचते आहे की निकाल देते आहे?

दुसरा पर्याय धीर देण्याचा. “काकू, वाईट दिवस संपले, बघा पलीकडे काठ दिसतोय.” ऐकायला गोड. पण काठ गाठायचा म्हणजे घर सोडायचं, हा सल्ला त्यात दडलेलाच आहे. शिवाय समोरची बाई घाबरून मागे सरकलेली असताना तिला पलीकडचा काठ दाखवणं म्हणजे तिचं बोलणं तोडणं.

तिसरा, पत्ता उचलून ठेवून वाचन थांबवणं. याचा विचार मी सर्वांत गंभीरपणे केला असता. २०१९ च्या त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली. या जिल्ह्यात ‘बोट’ म्हटल्यावर कुणाला काय आठवेल, याचा अंदाज बाहेरच्याने बांधू नये. काकूंना धाप लागली असती, रडू आवरलं नसतं, तर थांबणं हाच एक मार्ग होता, आणि पुढे समुपदेशकाकडे पाठवणं.

चौथा पर्याय म्हणजे अर्थ बाजूला ठेवायचा, पत्ता तिथेच ठेवायचा आणि चित्रात काय दिसतं एवढंच विचारायचं.

प्रत्यक्षात काय केलं

वाचिकेने आधी परवानगी घेतली. “काकू, उचलून ठेवू का पत्ता?” काकू थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, “असू दे. लांब धरा जरा.” तिने पत्ता टेबलाच्या मधोमध सरकवला, दोघींपासून सारख्याच अंतरावर. तंत्र म्हणून ही गोष्ट बारीक आहे, पण माझ्या मते त्या तासातली सर्वांत चांगली कृती तीच. प्रश्नकर्त्यासमोर ठेवलेला पत्ता त्याच्यावर उगारल्यासारखा वाटतो. मधे ठेवला की दोघंही एका बाजूने बघायला लागतात.

“यात काय काय दिसतंय तेवढंच सांगा. अर्थ नको.”

“बाई हाय. पोरगं हाय. आन् ह्यो नावाडी.” मग एकदम: “तलवारी कशाला नेतंय कोण बोटीतनं? आम्ही कुकर नेलता.”

आणि मग गोष्ट बाहेर आली. २०१९ ला तळमजला बुडून पाणी जिन्याला लागलं, तेव्हा रबरी बोट आली. सासूबाईंच्या डोक्यावर पावसाचं म्हणून युरियाचं पोतं उलटं घातलेलं. नातू मांडीवर. कपडे, भांडी, दागिन्यांचा डबा यांतलं काही न घेता काकूंनी घराचे कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळले, पाच लिटरच्या कुकरमध्ये घातले, रिंग आणि झाकण लावलं, आणि तो कुकर पोटाशी धरून बसल्या. बोटीतला पोरगा म्हणाला, “मावशी, कुकर कशाला, खायला मिळंल तिकडं.” हे सांगताना त्यांना हसू फुटलं. आम्हालाही.

इथे दुसरा निर्णय आला. वाचिकेला सहज म्हणता आलं असतं, “म्हणजे ती शालीतली बाई तुम्हीच.” मी असते तर कदाचित म्हटलंही असतं. तिने विचारलं, “यात तुम्ही कुठं आहात?”

काकूंनी बोटीकडे बघितलं. “बाई म्हणजे आत्या. पोरगं म्हणजे आमचा नातू. मी न्हाई यात.” थोड्या वेळाने: “मी तलवारींच्या पुढं असणार, दिसत न्हाई. कुकर धरून.”

(सासूबाईंना त्या आत्या म्हणतात, त्यांच्यात आत्याकडेच दिलेली मुलगी.)

मग नावाडी कोण, असं विचारलं. काकू लगेच बोलल्या नाहीत. मुलगा? त्याला बांबू धरता येतो का, ते माहीत नाही. मिस्टर? “ते बोटीतच न्हाईत. ते काठावर उभे राहून बघायलेत.” आणि मग कृष्णेकाठी आयुष्य गेलेल्या बाईने पत्त्यावर वाकून असं काही म्हटलं की जे मी टॅरोच्या कुठल्याच वर्गात ऐकलं नव्हतं:

“पर ह्येच्या हातात वल्हं न्हाई, बांबू हाय. म्हंजे बांबू तळाला टेकतोय. पाणी कमरंएवढं पण नसंल. ह्यो पूर न्हवं.”

बरोबर आहे. बांबूने रेटायची बोट उथळ पाण्यातच चालते. वेट यांनीही ती तशीच बोट म्हटली आहे. पण ‘तळ लागतो आहे’ हे चित्रातलं वास्तव नदीकाठच्या माणसाला दिसलं, आम्हाला नाही. ‘ही बोट नको’ म्हणणाऱ्या काकूंनी इथे पत्ता स्वतः उचलून हातात घेतला.

पुढचा प्रश्न वाचिकेचा: “कुकरमधले कागद तुम्ही वाचलेत कधी?”

न्हाई, म्हणाल्या. पुरानंतर ते वाळवले, परत पिशवीत घातले, कपाटात ठेवले. घर सासऱ्यांनी बांधलेलं, सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. उताऱ्यावर कुणाचं नाव आहे, माहीत नाही. गोडाऊनवाल्यानेही अजून विचारलेलं नव्हतं.

तिसरा पत्ता वाचिकेने उलटलाच नाही. काकूंनी त्याकडे बोट दाखवलं तेव्हा म्हणाली, “आधी कागद बघा. लागलं तर परत या.”

पुढे काय झालं

काकूंनी मुलाला घेऊन सिटी सर्व्हेचा उतारा काढला. नाव अजून सासऱ्यांचंच होतं, वारस नोंद कुणी केलीच नव्हती. मृत्युपत्र सापडलं नाही. म्हणजे सासऱ्यांनी स्वतः मिळवलेल्या त्या घरावर सासूबाई, दोन्ही मुलं आणि तासगावची नणंद या चौघांचा सारखा हक्क. काकूंचा स्वतःचा त्यात थेट वाटा नाही, त्यांच्या मुलाचा तर नाहीच. चौघांच्या सह्या झाल्याशिवाय, किंवा कुणी नोंदणीकृत हक्कसोड पत्र दिल्याशिवाय, विक्रीचं बोलणं म्हणजे नुसतंच बोलणं. वकिलांनी दुसरीही गोष्ट बघायला सांगितली: घर पूररेषेत कुठे येतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर बंदी असते, आणि घेणारा त्या हिशेबानेच भाव पाडतो.

पुण्याचा दीर आणि नणंद गणपतीत आले. कागद जेवणाच्या पाटावर मांडले गेले. जे मिस्टर बोलतच नव्हते ते त्या दिवशी बोलले, कारण आता त्यांची सही लागणार होती. सासूबाई ‘मी हितनंच जाणार’ यावरून हलल्या नाहीत, आणि चौथा हिस्सा त्यांचाच असल्यामुळे कुणाला त्यांना बाजूला सारता येईना. विक्री तूर्त थांबली. वारस नोंदीचा अर्ज दिला. गिरणी मात्र काकूंनी हलवली: विश्रामबागेच्या बाजूला भाड्याने गाळा घेतला, मोटर आणि जाती तिकडे नेली. सकाळी बसने जातात, संध्याकाळी येतात. जुनी गिऱ्हाइकं निम्मी तुटली. मुलगा अजून नाराज आहे.

हे यश की अपयश, मला ठरवता येत नाही. घर विकलं गेलं असतं आणि पुढच्याच पावसाळ्यात आयर्विनला पुन्हा ५५ फूट लागले असते, तर मुलगाच शहाणा ठरला असता.

वेगळं काय करता आलं असतं

तिसरा पत्ता हा माझा मुख्य आक्षेप. न उलटण्याचा निर्णय ठीक होता, पण मग तो टेबलावर पालथा ठेवायलाच नको होता. काकूंनी नंतर दोनदा फोन करून ‘ते तिसरं काय होतं’ विचारलं. वाचिकेला आठवत नव्हतं, कारण तिने पाहिलाच नव्हता, आणि हे काकूंना खरं वाटेना. झाकलेल्या पत्त्याला माणसं आपल्या मनातलं सगळ्यात वाईट चित्र लावतात. अशा प्रश्नाला एकच पत्ता काढावा, किंवा वाचन थांबवताना समोरच्या माणसाच्या हाताने तो पत्ता गड्डीत परत घालायला लावावा.

प्रश्न घेतानाच तो थोडा वळवायला हवा होता. ‘विकायचं का नाही’ या प्रश्नाला टॅरोत उत्तर नाही, हे वाचिका मनात जाणून होती, पण पत्ते मांडायच्या आधी तिने ते मोठ्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकू उठून गेल्या असत्या, ही तिची बाजू. असेलही. पण अपेक्षा तशीच ठेवून पुढे जाणं मला पटत नाही.

तिसरी गोष्ट पुराच्या आठवणीची. या वेळी काकू कुकरवर हसल्या म्हणून वाट निघाली. समजा त्या हसल्या नसत्या, त्यांना तीच बोट पुन्हा पाण्यात दिसली असती, तर वाचिकेकडे पुढे काय होतं? कुणाला फोन करायचा, कुठे पाठवायचं, याची तयारी नव्हती. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात वाचन करणाऱ्यांनी सिक्स ऑफ सोर्ड्स, टॉवर (वीज पडलेला मनोरा) आणि मून (पाण्यावरचा चंद्र) हे तीन पत्ते निघाले तर आपण पहिलं वाक्य काय बोलणार, हे पावसाळ्याआधी ठरवून ठेवावं. जवळच्या समुपदेशकाचा नंबरही हाताशी असावा.

नावाडी कोण, या प्रश्नावर मात्र वाचिकेने आणखी थांबायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. काकूंनी मुलगा आणि मिस्टर दोघांची नावं घेऊन बाजूला सारली आणि बोलणं बांबूकडे वळलं. स्वतःचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. गिरणी हलवायचं मात्र त्यांनी एकट्यानेच ठरवलं. गाळ्याचं डिपॉझिट त्यांनी बचत गटातून उचललं, आणि घरात ते कळलं मोटर टेम्पोत चढवताना.